रीफर गाडीचे दोन आकडे

फळं नेणाऱ्या रीफर गाडीच्या पॅनेलवर दोन आकडे दिसतात. एक आपण लावलेल्या तापमानाचा, दुसरा आतल्या हवेचा. नव्या चालकांना मी आधी हाच फरक सांगतो.

माल भरण्यापूर्वी युनिट सुरू करून रिकामी बॉडी गार करावी. दार उघडताना मात्र ते बंद ठेवावं, नाहीतर पंखे दमट हवा आत ओढतात आणि कॉइलवर बर्फ धरतो. दार लावून युनिट सुरू केलं की ‘डीफ्रॉस्ट’ द्यावा. फळं श्वास घेतात, उष्णता सोडतात. म्हणून त्यांना ‘कंटिन्युअस’ लावावं. गोठवलेल्या मालाला ‘सायकल’ चालतं, डिझेलही वाचतं.

आकडा खाली आणला की गरम माल लवकर गार होतो, हा गैरसमज. हे यंत्र गारवा टिकवतं. माल गार करणं शीतगृहाचं काम. द्राक्षांना शून्य अंश मानवतो, पण केळ्यांची साल 13 अंशांखाली काळवंडते आणि शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत वाया जाते.

म्हणून चहाला थांबलात की दुसरा आकडा पाहा. तो चढतच असेल, तर मालकाला लगेच कळवा.