गाठी मुळांवरच्या, चाळीस वर्षांच्या

ब्राझीलच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मारिआंजेला हुंग्रिया यांना २०२५चं 'वर्ल्ड फूड प्राइझ' मिळालं, तेव्हा चर्चा झाली ती पाच लाख डॉलरची. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत राहून हवेतलं नत्र पिकाला पुरवणाऱ्या जिवाणूंवरच्या त्यांच्या कामामुळे ब्राझीलचे वर्षाला २५ अब्ज डॉलरपर्यंत वाचतात, असंही सांगितलं गेलं. अशा अंदाजांत हात जरा सैल सुटतो. पण निम्मा धरला तरी डोळे विस्फारतात. मला मात्र तिसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. बाई १९८२ साली एम्ब्रापा या सरकारी कृषी संशोधन संस्थेत लागल्या आणि तिथेच राहिल्या.

त्यांना तिथे आणलं योहाना डोबेराइनर यांनी. चेकोस्लोव्हाकियात जन्मलेल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ब्राझीलला आलेल्या या शास्त्रज्ञ बाईंची खरी करामत १९६०च्या दशकातली. ब्राझीलमध्ये सोयाबीनचे वाण निवडायला सुरुवात झाली, तेव्हा त्यांनी हट्ट धरला की चाचणीच्या प्लॉटमध्ये नत्र खत टाकायचंच नाही. जे वाण जिवाणूंच्या जोरावर वाढतील तेच पुढे न्यायचे. अमेरिकेची रीत वेगळी होती. नत्र आयतं मिळालं की सोयाबीन मुळांवर गाठी धरायला कंटाळतं. घरपोच डबा येत असेल तर चूल कोण पेटवणार? खत घालून निवडलेल्या वाणात ही आळशी रोपं ओळखूच येत नाहीत. डोबेराइनर यांच्या प्लॉटमध्ये ती पिवळी पडत.

हुंग्रिया यांनी पुढचा हट्ट धरला: जमिनीत जिवाणू आधीच असले तरी दर हंगामात बियाण्याला जिवाणू चोळून बीजप्रक्रिया करायची. त्यातून सरासरी आठ टक्के उत्पादन वाढल्याचं त्यांच्या चाचण्यांत दिसलं. जोडीला अ‍ॅझोस्पिरिलम हा दुसरा जिवाणू दिला तर आणखी.

आपल्याकडेही या गाठींतल्या जिवाणूंची, म्हणजे रायझोबियमची, पाकिटं नवी नाहीत. लातूर-अकोल्याचा शेतकरी गुळाच्या पाण्यात ती कालवून बियाण्याला चोळत आला आहे. पण ब्राझीलचा कायदा एका ग्रॅममध्ये किंवा मिलिलिटरमध्ये किमान १०० कोटी जिवंत जिवाणू मागतो. आपला खत नियंत्रण आदेश पावडरीत पाच कोटींवर आणि द्रवात दहा कोटींवर समाधान मानतो. शिवाय पाकीट दुकानात उन्हाळाभर तापतं, ते वेगळंच. मग 'जिवाणूंचा काही फरक पडत नाही' म्हणणाऱ्या शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? त्यात ४५ किलो युरियाची गोणी २६६ रुपयांना मिळते, म्हणजे जिवाणूंची गरज कुणाला भासणार?

हे चित्र बदलायला संशोधन करणारी माणसं लागतात, आणि ती एका खरिपात तयार होत नाहीत. एखादा वाण किंवा जिवाणू शेतात पारखायला अनेक हंगाम जातात. आपले संशोधक विद्यार्थी मात्र दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पावर, कंत्राटी. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेली हुशार मुलं औषध कंपन्यांच्या गुणवत्ता तपासणी विभागात (क्यूसी) जातात, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही गेलो असतो. तरीही ज्यांचा मातीकडे ओढा आहे, त्यांनी इंदूरची सोयाबीन संशोधन संस्था, मऊचा सूक्ष्मजीव ब्युरो आणि आपली कृषी विद्यापीठं यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं; पात्रतेच्या अटी मात्र आधी नीट वाचाव्यात. आणि सरकारने तिथल्या जागा कायमस्वरूपी भराव्यात.