तंबूतला मांत्रिक

गावोगाव फिरणारी विचित्र माणसांची सर्कस, तिच्यातला एक व्हँपायर, त्याचा विषारी कोळी आणि त्या कोळ्यापायी आयुष्य गमावून बसलेला शाळकरी पोरगा. डॅरेन शॅन या आयरिश लेखकाची ही कादंबरी २००० साली आली. हैदराबादला शिकणाऱ्या माझ्या भाच्याने ती झपाटल्यासारखी वाचली आणि मला विचारलं, ‘मामा, मराठीत असं काही आहे का?’ मी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुढे केला. ‘तो भारीच आहे, पण त्यात अशी भीती कुठाय?’ प्रश्न झोंबला, कारण उत्तर नव्हतं.

गंमत अशी की या देशात सर्कस उभी केली ती मराठी माणसाने. कुरुंदवाडकरांच्या पदरी असलेले विष्णुपंत छत्रे मुंबईत इटालियन किआरिनीची सर्कस बघून इरेला पेटले आणि १८८० साली स्वतःची सर्कस घेऊन उभे राहिले. पुढे देवल आले, कार्लेकर आले. पुण्याचे दामू धोत्रे वाघ-सिंह खेळवत थेट अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सपर्यंत पोचले. हा गौरव छापून छापून गुळगुळीत झालाय, त्यात मी रमत नाही. धोत्र्यांचं ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ वाचलं की मात्र वाटतं, एवढा ऐवज घरात असून आपल्या बालसाहित्यिकांच्या कल्पनेला एकदाही त्या तंबूत शिरावंसं वाटलं नसेल?

आमच्या मुधोळात ती कमतरता आम्ही पोरांनी भरून काढली होती. १९५६ साली राज्यं भाषेवर पाडली तेव्हा नांदेड जिल्ह्यातलं मुधोळ आंध्रात, आदिलाबाद जिल्ह्यात गेलं आणि आदिलाबादचं किनवट नांदेडला मिळालं. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात दखनी. साठीच्या दशकातलं मला काही आठवत नाही, आणि ऐंशीनंतरचं आठवावंसं वाटत नाही. मधली दहा वर्षं मात्र लख्ख आहेत.

ती वर्षं चांदोबाची. तेलुगू ‘चंदमामा’ १९४७ चा, मराठी ‘चांदोबा’ १९५२ चा. दोन्ही मद्रासहून यायचे. शेजारच्या पोराकडे तेलुगू अंक, माझ्याकडे मराठी. चित्र तेच, राक्षस तोच, अक्षरं तेवढी वेगळी. त्याच्याकडे अंक आधी आला की मांत्रिकाचं पुढे काय झालं ते तो मला तोडक्यामोडक्या मराठीत सांगायचा आणि वर भाव खायचा. त्या मालिका लिहिणारे दासरी सुब्रह्मण्यम हे नाव मला फार उशिरा कळलं. ‘चित्रा’ या नावाने काढलेली त्या कथांची चित्रं मात्र आजही डोळे मिटून सांगता येतील.

अशात मुधोळजवळच्या भैंशाला सर्कस लागायची. आधी भोंगा लावलेली जीप यायची, गुलाबी कागदाची पत्रकं उडवत. रात्री सर्चलाइटचा झोत आभाळात फिरायचा, तो मुधोळच्या माळावरून दिसतो असं आम्ही छातीठोक सांगायचो. तंबूत शिरलं की लाकडाचा भुसा, घोड्यांची लीद आणि जनरेटरचं डिझेल यांचा मिळून एक वास यायचा. पिंजऱ्यातला सिंह जांभई द्यायचा, तीच आम्ही डरकाळी समजायचो. उंच टोपीचा रिंगमास्टर हा चांदोबातलाच मांत्रिक, याबद्दल दुमत नव्हतं. ‘तिकडं फिरकू नका, सर्कसवाले पोरं पळवतात,’ ही आजीची तंबी त्याला पुरावा म्हणून पुरेशी होती.

मग मारुतीच्या पारावर आमची मालिका सुरू झाली. तंबूत गेलेलं पोरगं बाहेर येतं ते अस्वल होऊन. जोकर खरा राजपुत्र, पण हसणं थांबलं की मरेल असा त्याला शाप. अर्धी गोष्ट मराठीत, अर्धी तेलुगूत. वर्गातल्या एका गुरुजींनी ती लिहिलेली वही ओढून घेतली आणि ‘यातून बोध काय?’ असं विचारून कपाटात टाकली. ती परत मिळाली नाही. तो प्रश्न नंतर मराठी बालमासिकांच्या पानापानांवर भेटत राहिला.

बोध होताच, पण गुरुजींना झेपणारा नव्हता. एका दुपारी कनातीमागे डोकावलो तर माझ्याच वयाची एक मुलगी बादलीत कपडे धूत होती. आदल्या रात्री झुल्यावर चमचम करत होती ती हीच. तळहातांवर दोराचे वळ. मला पाहून तिने हिंदीत विचारलं, ‘शाळेत रोज जायचं असतं का?’ मी हो म्हणालो आणि पळालो. आजीची भीती थोडी उलटी होती, एवढंच. २०११ च्या एप्रिलमध्ये ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी घालायला सरकारला सांगितलं, तेव्हा ती पन्नाशीकडे झुकली असेल.

पुढचं झटपट सांगतो. १९८९ मध्ये दूरदर्शनने ‘सर्कस’ मालिका दाखवली आणि तंबू घरात आला. १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, अस्वलं, माकडं रिंगणातून बाहेर काढली, ते योग्यच झालं. २०१३ मध्ये चांदोबा बंद पडला. २०१६ मध्ये मुधोळ निर्मल जिल्ह्यात गेलं. आता इथल्या पोरांना सहावीपासून बासरच्या ट्रिपल आयटीची स्वप्नं दाखवतात. त्यांच्या हातात जी मराठी पुस्तकं पडतात त्यांत झाडं लावा, पाणी वाचवा, मोबाइल कमी बघा, एवढंच असतं. मुलांना भीती सोसत नाही, हा मोठ्यांचा भ्रम आहे. सोसत नाही ती मोठ्यांनाच.

मराठी लेखकांना आणि संपादकांना माझं सांगणं एकच: येत्या दिवाळीच्या बालअंकात एक भयंकर सर्कस येऊ द्या. दुष्ट रिंगमास्टर खुशाल असू द्या, शाप असू द्या, शेवटी बोध नसला तरी बिघडणार नाही. फक्त कनातीमागे कपडे धुणारी ती मुलगी गाळू नका, आणि या वेळी त्या तंबूतून तिला सोडवा.