पाणी की गाडी

दुपारी २.००
अनंत चतुर्दशी, गिरगाव चौपाटी. टिळकांच्या पुतळ्यापासून थोडं आत, वाळूवर पालिकेचा मंडप. वर ताडपत्री, खाली फळ्या. दोन खाटा, ऑक्सिजनचा एक सिलिंडर, पुढे टेबल. मागे भरतीची रेघ, समोर रस्ता. ट्रक वाळूत रुतू नयेत म्हणून पालिकेने लोखंडी प्लेट्स अंथरल्यात. त्यांच्यावर अनवाणी पाय पडला की माणूस उडीच मारतो.

डॉक्टर एकतीस वर्षांच्या. एरवी पालिकेच्या दवाखान्यात ओपीडी बघतात, आज दोन ते दोन इथे. बारा तासांच्या बदल्यात एक सुट्टी मिळायची आहे. दिवाळीआधी मिळाली तर बरं, म्हणतात. सिस्टरची नोकरी पंचवीस वर्षांची, विसर्जनाचा मंडप त्यांना नवा नाही. मामा, म्हणजे वॉर्डबॉय, ठेकेदाराचे. कागदावर दिवसाचे सातशे, हातात सहाशे. डबल ड्युटी केली तर बाराशे. ते करणारच.

सिस्टर सामान मोजून घेतायत. गॉज, बँडेज, बेटाडिन, सलाईन, धनुर्वाताची इंजेक्शनं, ओआरएसची पाकिटं, ॲस्पिरिन, डॉक्सी. ग्लुकोमीटर एक, पट्ट्या पंचवीस.

"पंचवीस?"

"एवढ्याच आल्या," मामा म्हणतात.

एका पट्टीला पंधरा-वीस रुपये पडतात. सिस्टरनी पर्समधून स्वतःच्या दहा काढून टेबलावर ठेवल्या. त्या ह्या मशिनला बसेनात. मग त्यांनी स्वतःचं मशिनही काढून ठेवलं.

दुपारी २.४०
पहिला पेशंट बंदोबस्ताचा होमगार्ड. डोकं दुखतंय. बीपी १७०/१००. "गोळी घेतलीत?" "पाचला घरनं निघालो मॅडम, राहिली." त्याची रोजची गोळी त्याच्याच खिशात होती. ती पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास सावलीत बसायचं, एवढंच औषध. सोबतचा म्हणाला, इंजेक्शन देऊन झटकन उतरवा ना. डॉक्टरांनी मान हलवली. छातीत दुखत नाही, बोलणं नीट, हातपाय नीट, तर झटकन उतरवण्यात फायदा नाही, धोकाच आहे.

दुपारी ३.३०
पायांची रांग सुरू झाली. ती रात्रभर संपणार नाही. नारळाची करवंटी, बाटलीची काच, पाटाचा खिळा. लोक चपला घरी ठेवून येतात. सिस्टर आधी नुसत्या पाण्याने पाय धुतात, भरपूर, मग बेटाडिन. नव्या मुलींना त्या हेच शिकवतात: जखम पाण्यानं स्वच्छ होते, औषध नंतर. वाळू आत राहिली तर वरून कितीही चांगली पट्टी बांधा, तिसऱ्या दिवशी पू.

सकाळी पावसाची सर येऊन गेली. वाटेत कुठे कुठे घोटाभर पाणी होतं, त्यातनंच मिरवणुका आल्या. म्हणून प्रत्येकाला एक प्रश्न जास्तीचा: साचलेल्या पाण्यातनं चाललात का? जखम नसेल आणि एकदाच चालला असेल, तर डॉक्सीची २०० मिलिग्रॅमची एकच मात्रा. पायाला जखम असेल तर तीन दिवस, रोज एकदा. गरोदर बाई आणि लहान मूल असेल तर डॉक्सी नाही, दुसरं औषध. अशा पाण्यातनं लागणाऱ्या लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप आठवड्या-दोन आठवड्यांनी येतो, तेव्हा चौपाटी कुणाच्या डोक्यात नसते. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर ह्या शहरातल्या डॉक्टरांना हा प्रश्न वेगळा शिकवावा लागत नाही.

सायंकाळी ५.१०
ढोलपथकातली मुलगी, वय एकोणीस. दोघींनी धरून आणली. हाताची बोटं आखडलीत, ओठ बधिर, श्वास भराभरा. मैत्रीण सांगते, "हिला पॅनिक झालंय." असेलही. पण डॉक्टर आधी बोटाला मशिन लावतात: ऑक्सिजन ९९. छातीला स्टेथो: घरघर नाही. साखर ८८. मग त्या तिच्यासमोर बसून हळू मोजायला लागतात, चार आत, सहा बाहेर. पंधरा मिनिटांत बोटं सुटली.

गर्दीत घाबरलेली मुलगी आणि दम्याचा झटका आलेली मुलगी लांबून सारख्याच दिसतात. तोंडाला कागदी पिशवी लावायचा जुना उपाय एका काकांनी सुचवला. ते खरोखर दम्याचं निघालं तर पिशवीत जीव जाऊ शकतो, म्हणून आता तो करत नाहीत.

मुलीने सकाळपासून एक वडापाव खाल्लाय. ओआरएसचं पाकीट मैत्रिणीने अर्ध्या पेल्यात ओतलं होतं. सिस्टर ओरडल्या, "एक लिटर! पाकिटावर लिहिलंय तेवढं भर!" दाट केलं की जुलाब लागतात, तहान वाढते. वीस-बावीस रुपयांचं पाकीट आणि एक लिटर पाणी, घोट घोट. आज मंडपातलं सगळ्यात जास्त खपणारं औषध हेच.

सायंकाळी ६.४५
केशवजी नाईक चाळीची पालखी येऊन गेली. १८९३ पासूनचा गणपती, मूर्ती अजून तेवढीच लहान. तिच्यामागे एकही पेशंट आला नाही. मोठ्या मूर्ती मोठे पेशंट आणतात, असं सिस्टरचं निरीक्षण आहे.

तेवढ्यात जीवरक्षकांनी एका पोराला उचलून आणलं. कमरेपर्यंत पाण्यात मूर्ती धरून उभा होता. घोट्याजवळ एक भोक, बाजूची कातडी पांढरट निळी, रक्त थोडंच. पण पोरगा आई गं, आई गं करतोय. एवढ्याशा जखमेला एवढं दुखतं म्हटल्यावर जीवरक्षकाने निदान आधीच केलं होतं: "पाकट आहे मॅडम."

पाकट म्हणजे चपटा मासा, उथळ पाण्यात वाळू अंगावर घेऊन पडून राहतो. पाय पडला की शेपटीचा काटा मारतो. २०१३ साली दीड दिवसाच्या विसर्जनाला ह्याच चौपाटीवर डझनावारी लोकांना डंख बसले. आधी सगळे जेलीफिश म्हणत होते, नंतर पाकट निघालं. आता विसर्जनाआधी सूचना निघतात, उघड्या अंगाने पाण्यात जाऊ नका, गमबूट घाला. मूर्ती खांद्यावर असलेला माणूस गमबूट कुठला घालतो?

ह्याचा उपाय टेबलावर नव्हताच. "मामा, गरम पाणी." मामा रस्त्यापलीकडच्या चहावाल्याकडे धावले. त्याच्या पातेल्यात उकळत होतं ते बादलीत ओतलं, वर थंड घातलं. डॉक्टरांनी आधी स्वतःचा हात घातला, मग पोराचा चांगला पाय, मग दुखरा. साधारण ४५ अंश. सोसेल तेवढं गरम, पण भाजायचं नाही. दुखऱ्या पायाला वेदनेत चटका कळत नाही, म्हणून चांगला पाय आधी. पाकटाचं विष उष्णतेने मोडतं. दहा मिनिटांत आरडाओरडा थांबला, वीस मिनिटांनी पोरगा मोबाईल मागायला लागला. पाणी निवत होतं, मामांच्या फेऱ्या सुरू होत्या. तासभर पाय बादलीत, मग काट्याचा तुकडा आत आहे का ते बघणं, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि एक्स-रेसाठी चिठ्ठी. जखम शिवायची नाही, उघडी ठेवायची.

"परत पाण्यात जाशील?"

"मूर्ती अर्धीच गेलीय."

"मग पाय उचलून टाकू नकोस. घासत चाल. मासा आपला आपणच पळतो."

नंतर सिस्टर म्हणाल्या, त्याला परत सोडायला नको होतं. डॉक्टर म्हणाल्या, सोडलं कुठे, तो गेलाच असता.

रात्री ८.१५
खेतवाडीतल्या सत्तरीच्या आजी. घाम, हात थरथरतायत, भलतंच बोलतायत. मुलगा म्हणतो, "उपास आहे अनंताचा. ॲसिडिटी चढली असेल." पट्टी लावली. साखर ४६. "डायबेटिसची गोळी?" "ती सकाळी दिली मी, कधी चुकवत नाही." उपास चुकला नाही आणि गोळीही चुकली नाही, तिथेच गोची.

आजींना गिळता येत होतं, म्हणून ग्लुकोज तोंडाने. चार चमचे, पाण्यात. बेशुद्ध असत्या तर तोंडात काही घालायचं नाही, शिरेतनंच. पंधरा मिनिटांनी ९२. आजी उठून बसल्या, पदर सावरला, आणि उपास मोडला म्हणून नाराज झाल्या. सिस्टर म्हणाल्या, "बाप्पा मोदक खाऊनच गेलाय, आजी. तुम्ही बिस्कीट खा."

मुलगा निघायची घाई करतोय. डॉक्टर सोडेनात. त्या गोळीचा अंमल चोवीस तासही राहतो, प्यायलेलं ग्लुकोज तासाभरात संपतं. मुलाला हे पटेना. आई तर बोलतेय ना चांगली! शेवटी अर्ध्या-अर्ध्या तासाने पट्टी लावायची असं ठरलं. साडेनवाला ६१. मुलगा काही न बोलता चपला शोधायला लागला. आजींना रुग्णालयात पाठवलं, रात्रभर दाखल. चार पट्ट्या गेल्या.

रात्री ९.५०
मंडळाचा कार्यकर्ता, पन्नाशीचा, स्वतःच चालत आला. "जेल्युसिल आहे का? दुपारी पुरीभाजी बाधली." शर्ट भिजलेला. आज सगळ्यांचेच भिजलेत. पण ह्याचा घाम कपाळावर थंड आहे. सिस्टरनी हात लावला आणि डॉक्टरांकडे नुसतं बघितलं.

"दुखतं कुठे, बोट ठेवा."

त्याने बोट ठेवलं नाही, अख्खा तळवा ठेवला. छातीच्या मध्यावर. जबड्यातही ओढल्यासारखं, म्हणाला.

रस्त्यावर १०८ ची गाडी उभी आहे. २०१४ साली राज्यात ९३७ गाड्यांनी ही सेवा सुरू झाली, प्रत्येक गाडीत डॉक्टर. इथल्या गाडीचे डॉक्टर बीएएमएस, साताऱ्याकडचे. ईसीजीचं मशिन त्यांच्याकडे. ते मशिन उचलून वाळूतनं धावत आले. छातीत दुखतंय म्हणाल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे, असा दंडक आहे. आठव्या मिनिटाला कागद बाहेर आला. टू, थ्री, एव्हीएफ ह्या तीन लीडमध्ये रेघ वर उचललेली. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका.

ॲस्पिरिन ३००. "गिळू नका, चावा." ह्या गोळीची किंमत कटिंगपेक्षा कमी.

मंडळाच्या खजिनदाराने खिशातनं सॉर्बिट्रेट काढली. त्याच्या वडिलांची, नेहमी जवळ ठेवतो. "जिभेखाली देऊ?" डॉक्टरांनी त्याचा हात धरला. बीपी ९४/६० होतं. असल्या झटक्यात कधी हृदयाची उजवी बाजूही गळाठते, तेव्हा ह्या गोळीने उरलंसुरलं बीपीही कोसळतं. खजिनदार खट्टू झाला. शहरभर ही गोळी लोक पाकिटात घेऊन फिरतात, आणि ती कुणाला द्यायची नाही हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं.

पेशंट अजून म्हणतोय, "लालबागचा राजा येऊ दे, मग जाऊ." डॉक्टरांनी वाद घातला नाही. कागद त्याच्या हातात दिला आणि वर गेलेल्या रेघेवर बोट ठेवलं. "ही अशी नसते. खाली सपाट असते. आपण आत्ता निघतोय." शिरेत सुई लावून झाली होती. मामा, दोन जीवरक्षक आणि तोच खजिनदार, चौघांनी स्ट्रेचर प्लेट्सवरून उचलत नेलं. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयाला फोन गेला. समोर खेतवाडीचा मोठा गणपती, बेंजो, गुलाल. एका फौजदाराने शिट्टी तोंडात धरून दोर सोडवला, माणसं दोन्ही बाजूंना ढकलली. १०.२० ला गाडी हलली. मुंबई सेंट्रल एरवी दहा मिनिटांवर आहे.

ती गाडी गेल्यावर मागे दुसरी येईपर्यंत चौपाटीच्या ह्या टोकाला गाडी नव्हती. डॉक्टर रस्त्याकडे बघत राहिल्या, पण हात पुढच्या पायाला पट्टी बांधतच होते.

रात्री ११.३०
पोलिसांनी एकाला आणून टाकला. "टाईट आहे. झोपवा जरा." वास तर येतोच आहे. डॉक्टर झोपवत नाहीत. आधी साखर, मग टॉर्च. साखर ११०. डावी बाहुली उजवीपेक्षा मोठी. कानामागे केसांत रक्त वाळलेलं. दोनदा उलटी झाली, असं आता हवालदाराला आठवतंय. मान न हलवता पट्टा, फळीवर बांधून, दुसऱ्या गाडीने जे.जे.ला. दारूच्या वासाने डॉक्टरचंही नाक फसतं, म्हणून टॉर्च सगळ्यांनाच लावायचा, म्हणाल्या.

रात्री १२.४५
गुलाल गेलेले डोळे. एकेका डोळ्याला सलाईनची अख्खी बाटली. चोळू नका, चोळू नका, सिस्टरचा घसा बसलाय. फटाक्याने भाजलेला एक हात, त्यावर कुणीतरी टूथपेस्ट फासलेली. ती काढण्यातच वीस मिनिटं गेली. वाहतं साधं पाणी वीस मिनिटं, हाच खरा उपाय, आणि तो तेव्हाच करायचा असतो.

रात्री २.००
ड्युटी संपली. बदली डॉक्टर आले नाहीत. विशेष लोकलने चर्नी रोडला उतरलेत, पण पूल ओलांडता येत नाही. लालबागचा राजा अजून कितीतरी मागे आहे. २०२५ साली तो दुसऱ्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास पाण्यात गेला होता, त्यामुळे कुणी वेळ विचारत नाही. मामांनी डबल ड्युटीची सही आधीच केलीय. ते खाटेच्या कडेला बसून अंडा-भुर्जी पाव खातायत.

पहाटे ३.३५
बदली डॉक्टर आले, खांद्यावर गुलाल. अदलाबदल उभ्या उभ्या झाली. नायरवाल्याची अँजिओप्लास्टी झाली, गाडीच्या डॉक्टरांचा फोन होता. आजींची साखर तिकडे पुन्हा एकदा उतरली, आता ग्लुकोजची ड्रिप आहे. पट्ट्या उरल्या सहा, आणि सिस्टरच्या चार. ओआरएस संपत आलंय. "चक्कर आली म्हणणाऱ्या प्रत्येकाला पट्टी लावू नका, पुरायच्या नाहीत." "मग कोणाला लावू?" "घाम थंड असेल त्याला. भलतंच बोलेल त्याला. आणि उपास असेल त्याला तर विचारूच नका, लावा."

चहावाला टेबलापाशी येऊन उभा होता. गरम पाण्याच्या सात बादल्या, आणि गॅस संपला. पहिल्या बादलीचे नको म्हणाला होता. आता शंभर म्हणतो. सामानाच्या यादीत गरम पाणी नाही, त्यामुळे पावती कशाची लावायची हा प्रश्न. सिस्टरनी पन्नास दिले, डॉक्टरांनी पन्नास. बदली डॉक्टर म्हणाले, सकाळी भरतीला अजून लागेल, आणखी शंभर आत्ताच देऊन ठेवतो, दुसरा सिलिंडर आण.