स्लोवर न टिकणारी गाडी

रस्त्यावर छान पळणारी मोटरसायकल सिग्नलला थांबली की थरथरायला लागते, मध्येच मिसिंग मारते आणि रेस सोडली की बंद पडते. गॅरेजमध्ये यावर बहुतेक वेळा एकच उपाय होतो. स्लो स्पीडचा स्क्रू थोडा आत फिरवतात, इंजिनचे फेरे वाढतात आणि गाडी बंद पडायची थांबते. दोष मात्र जागेवरच राहतो. वाढलेल्या आवाजात तो ऐकू येत नाही एवढंच, आणि प्रत्येक सिग्नलला पेट्रोल जास्त जळतं. म्हणून त्या स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावावा.

गाडी फक्त कमी वेगात बिघडते आणि वर चांगली चालते, यातूनच पुष्कळ काही कळतं. वरच्या वेगात ओढ चांगली असेल तर टाकीतून पेट्रोल पुरेसं येतंय, कॉइल जोरदार ठिणगी देतेय आणि मेन जेट मोकळा आहे. संशयितांची यादी निम्म्याने कमी झाली. उरलेल्यांना एकच प्रश्न विचारायचा: रेस बंद असतानाच काय वेगळं घडतं?

शंभर सीसीचं चार स्ट्रोक इंजिन स्लोवर मिनिटाला साधारण 1400 फेरे घेतं. दर दोन फेऱ्यांना एकदा मिश्रण पेटतं, म्हणजे सेकंदाला जेमतेम बारा वेळा. 5000 फेऱ्यांवर हाच आकडा चाळीसच्या पुढे जातो. तिथे एखादा स्फोट हुकला तरी चाकाचा वेग तो निभावून नेतो. स्लोवर तो सरळ हँडलमध्ये जाणवतो.

दुसरा फरक कार्बोरेटरमध्ये आहे. ॲक्सिलरेटर पिळला की आतली स्लाइड वर उचलली जाते, हवा जोरात वाहते आणि तिच्या ओढीने मेन जेटमधून पेट्रोल वर येतं. रेस सोडली की स्लाइड जवळजवळ बंद होते. हवेचा झोत इतका मंदावतो की मेन जेटमधून काहीच खेचलं जात नाही. मात्र स्लाइडच्या पलीकडे, इंजिनच्या बाजूला, याच वेळी जोरदार निर्वात तयार झालेला असतो. तिथे एक बारीक भोक असतं, आणि त्यातून पेट्रोल देतो तो स्लो जेट, म्हणजेच पायलट जेट. त्याचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान, मिठाच्या कणाएवढं. गाडी महिनाभर उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकट थर नेमका याच छिद्रात बसतो.

त्या निर्वातामुळे आणखी एक गोष्ट घडते. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या मॅनिफोल्डच्या रबराला भेग गेली असेल किंवा ओ-रिंग चपटी झाली असेल, तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. स्लोवर इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, त्यामुळे ही चोरटी हवा मिश्रण पार बिघडवते. वर रेस दिल्यावर निर्वात कमी होतो, एकूण हवा कितीतरी वाढते आणि तीच गळती नगण्य ठरते. ‘पळताना ठीक, थांबल्यावर बिघाड’ या तक्रारीचं याहून नेमकं स्पष्टीकरण मला माहीत नाही.

आता तपासणी. ती उघड्यावरच करावी. बंद खोलीत इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं. गाडी आठ-दहा मिनिटं चालवून इंजिन गरम करून घ्यावं. मग स्लोवर ठेवून चोक अगदी थोडा ओढावा. चोक हवा अडवतो, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. गाडी सुधारली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत होतं: एक तर स्लो जेट तुंबलाय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. गाडी आणखी गुदमरली तर पेट्रोल आधीच जास्त आहे. मग मळलेला एअर फिल्टर, पूर्ण मागे न जाणारा चोक किंवा फ्लोट बाऊलमधली वाढलेली पातळी बघावी. काहीही न उघडता, पैसा न खर्चता होणारी ही चाचणी मला सगळ्यात मोलाची वाटते. गाडी गॅरेजला न्यायची असली तरी ती आधी घरी करून जावं. उतारावर रेस सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येत असेल, तर तोही बहुधा पेट्रोल कमी पडल्याचाच पुरावा.

जादा हवेचा संशय आला तर साध्या पाण्याची फवारणी करायची बाटली घ्यावी आणि स्लोवर चालणाऱ्या गाडीच्या मॅनिफोल्डच्या सांध्यांवर थोडं पाणी मारावं. भेगेत पाणी गेलं की ती क्षणभर बुजते आणि इंजिनचा आवाज लगेच बदलतो. या कामासाठी पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर काही जण वापरतात. शेजारी तापलेला सायलेन्सर असताना ते करू नये.

सांधे ठीक असतील तर इंजिन बंद करून थंड होऊ द्यावं, पेट्रोल कॉक बंद करावा आणि फ्लोट बाऊलच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढावं. तळाशी पाण्याचा वेगळा थर किंवा गाळ दिसला तर निम्मं उत्तर मिळालं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी शोषून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीची ही पहिली शंका. शिवाय इथेनॉलमुळे जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण मुळातच थोडं पातळ होतं, त्यामुळे अर्धवट तुंबलेला स्लो जेट पूर्वीपेक्षा लवकर त्रास देतो.

जेट साफ करताना त्यात तार घालू नये. पितळ मऊ असतं. छिद्र किंचित जरी मोठं झालं तरी जेट कायमचा बिघडतो. क्लीनर फवारून दाबाच्या हवेने फुंकावं आणि प्रकाशासमोर धरून छिद्र गोल दिसतंय ना ते पाहावं. काही कार्बोरेटरमध्ये हा जेट दाबून बसवलेला असतो. तिथे तो ओढून काढायच्या भानगडीत पडू नये, जागेवरच फुंकावा.

प्लग पाहायला वेळ लागत नाही. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरकं टोक म्हणजे कमी, तेलाने ओलं असेल तर दुखणं रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलकडे.

टॅपेटकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात, कारण आवाज आला तरच टॅपेट बिघडलेत असा समज आहे. घट्ट झालेले टॅपेट वाजतच नाहीत. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत झिजून आत सरकला की गॅप कमी होत जातो आणि शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. दाबलेलं मिश्रण फटीतून निसटतं, आणि फेरे जितके सावकाश तितका त्याला निसटायला वेळ जास्त. गॅप इंजिन पूर्ण थंड असताना, फिलर गेजने आणि गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यानुसारच लावावा. शांत इंजिनाचं कौतुक करण्याआधी एकदा गेज घालून बघावंच.

एवढं सगळं नीट असेल तेव्हाच मिश्रणाच्या स्क्रूकडे वळावं. आधी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवून किती फेरे होतात ते लिहून ठेवावं. जोर लावला तर त्याचं निमुळतं टोक बैठकीत रुतून खराब होतं. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा नियंत्रित करतो: आत फिरवला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनच्या बाजूला असेल तर नेमकं उलट. इंजिन गरम असताना तो पाव-पाव फेरा फिरवत फेरे सगळ्यात जास्त आणि सर्वांत एकसारखे होतील तिथे थांबावं.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींत कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. तिथे हा स्क्रू शोधू नये. मीटरवरचा इंजिनचा दिवा लागलाय का ते पाहावं आणि थ्रॉटल बॉडीतली काजळी साफ करून घ्यावी. मॅनिफोल्डची गळती आणि टॅपेट यांची तपासणी मात्र याही गाड्यांना जशीच्या तशी लागू पडते.

कार्बोरेटरच्या गाडीत आता तो स्लो स्पीडचा स्क्रू फिरवायची वेळ आली. पुस्तिकेतल्या आकड्याइतके फेरे ठेवावेत, मग गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवावं. फेरे वाढले तर ॲक्सिलरेटरची केबल ताणलेली आहे. तिला थोडी ढील देऊन स्लो स्पीड पुन्हा तपासावा.