उमेदवारावर वाद घाला, मतावर नको

निवडणुकीच्या तारखा जाहीर झाल्या की अकरावी-बारावीच्या डॉर्मिटरीत एकच प्रश्न फिरू लागतो, “तू असतास तर कोणाला मत दिलं असतंस?” विचारणारा साताऱ्याचा, उत्तर देणारा रोहतकचा आणि मध्ये बोलणारा पाटण्याचा. पाच मिनिटांत उमेदवार बाजूला पडतो आणि राज्य, भाषा, जात व घरच्यांचा पक्ष यांची लढाई जुंपते. लाइट्स आऊट झाल्यावरच ती थांबते, कधी कधी तेव्हाही नाही.

मी या शाळेत राज्यशास्त्र शिकवते. असे वाद बंद करा, असे मी सांगणार नाही. उलट ते नीट घालायला शिका, असे सांगेन आणि त्याला एक खास कारण आहे. तुमच्यापैकी बहुतेकांना पुढे गणवेश चढवायचा आहे. संविधानाच्या कलम ३३ नुसार सैन्यदलांतील व्यक्तींच्या काही मूलभूत हक्कांवर संसदेला मर्यादा घालता येते. १९५० च्या आर्मी ॲक्टमधील कलम २१ त्यातूनच आले. सेवेत असताना राजकीय पक्षाचे सदस्य होता येत नाही, प्रचारसभेत भाग घेता येत नाही. मेसमध्ये राजकारणाचा विषय न काढण्याची रीतही जुनी आहे. मतदानाचा हक्क मात्र कायम राहतो. म्हणजे पुढची तीसेक वर्षे तुम्हाला उमेदवार निवडायचा आहे, पण त्यावर चारचौघांत बोलायचे नाही. पारख करण्याची पद्धत अंगी बाणवायची तर हीच वर्षे आहेत.

आधी पद पाहा

एसएसबीची तयारी करणारे कॅडेट ‘ॲप्रिसिएशन’ हा शब्द जाणतात. त्यात पहिला मुद्दा असतो उद्दिष्ट. उमेदवारांच्या चर्चेत नेमका हाच मुद्दा राहून जातो. आपण कोणत्या कामासाठी माणूस निवडतो आहोत?

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत कामांची वाटणी केलेली आहे. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, चलन ही केंद्राची कामे. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती ही राज्याची. शिक्षण आणि वने यांसारखे विषय दोघांकडे आहेत. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची जोडली. तिच्यातले पिण्याचे पाणी, गावरस्ते असे २९ विषय राज्य सरकार पंचायतींकडे सोपवू शकते. आता लोकसभेच्या उमेदवाराला आपण गटारीवरून जोखले, किंवा सरपंचपदाच्या उमेदवाराला सीमेवरच्या धोरणावरून, तर वाद कितीही रंगला तरी तो भलत्याच परीक्षेचा पेपर तपासण्यासारखा होतो. खासदाराकडे स्थानिक कामांसाठी वर्षाला ५ कोटी रुपयांचा खासदार निधी असतो हे खरे, पण त्याचे मुख्य काम कायदे करणे, अर्थसंकल्प तपासणे आणि सरकारला प्रश्न विचारणे हे आहे. तो आधी सभागृहात होता का, असेल तर किती दिवस हजर होता, काय विचारले, याची नोंद सर्वांना पाहता येते.

मग कागद वाचा

उमेदवाराची माहिती आपल्याला सहजासहजी मिळालेली नाही. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की उमेदवाराविषयी जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे. त्याला बगल देणारी तरतूद संसदेने केली. मार्च २००३ मध्ये न्यायालयाने तीही रद्द ठरवली. तेव्हापासून लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्याला नमुना २६ म्हणतात. त्यात प्रलंबित फौजदारी खटले, झालेल्या शिक्षा, स्वतःची आणि कुटुंबाची मालमत्ता, कर्जे व सरकारी थकबाकी, उत्पन्न, व्यवसाय आणि शिक्षण लिहिलेले असते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही वाचता येते. मोबाइलवर ‘नो युवर कॅंडिडेट’ हे आयोगाचे ॲपही आहे.

वर्गात मी या प्रतिज्ञापत्रांचा एक सराव घेते. एका मतदारसंघातील तीन उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे घ्यायची. नाव, फोटो आणि पक्ष यांवर कागद चिकटवायचा. राहतात फक्त अ, ब आणि क. नियम दोनच. प्रत्येकाने आधी आपल्याला न आवडलेल्या उमेदवाराच्या बाजूने तीन मिनिटे बोलायचे आणि प्रत्येक विधानासोबत कागदावरची ओळ दाखवायची. पहिल्या दिवशी वर्ग शांत असतो, कारण नेहमीची वाक्ये चालत नाहीत. मग हळूहळू खरे प्रश्न निघू लागतात.

समजा, अ वर पाच खटले आहेत आणि ब वर एक. आकडा पाहून हात वर होतात, “अ बाद!” पण ओळी वाचल्या की दिसते, अ चे पाचही खटले रास्ता रोको आणि जमावबंदी मोडल्याचे आहेत. ब चा एकच खटला ठेवीदारांच्या फसवणुकीचा आहे. आता वजन कशाचे जास्त? शिवाय खटला प्रलंबित असणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे. कायद्यानेही हा फरक केला आहे. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली तर उमेदवार अपात्र ठरतो, आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षे अपात्र राहतो. केवळ आरोप असेल तर तो निवडणूक लढवू शकतो. तो भार कायद्याने मतदाराच्या विवेकावर सोडला आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षांवरही जबाबदारी टाकली. खटले असलेला उमेदवारच का निवडला, याची कारणे पक्षाने जाहीर करायची आणि ‘तो निवडून येईल’ एवढेच कारण पुरेसे नाही. ती कारणे वाचणे हाही चर्चेचा चांगला विषय आहे.

मालमत्तेचेही तसेच. श्रीमंत असणे हा दोष नाही आणि गरीब असणे हे प्रमाणपत्र नाही. विचारायचा प्रश्न असा, की मागच्या प्रतिज्ञापत्राच्या तुलनेत वाढ किती आणि सांगितलेल्या व्यवसायातून ती पटते का? हा कागद उमेदवाराने स्वतः भरलेला असतो, हेही विसरू नका. सांगितलेले त्यात दिसेल, लपवलेले दिसणार नाही.

माणूस की पक्ष?

वर्गातला सर्वांत चांगला वाद या प्रश्नावर होतो. “माणूस चांगला आहे, पक्ष आवडत नाही. मग काय करायचं, मॅडम?”

याचे उत्तर देण्याआधी १९८५ ची ५२ वी घटनादुरुस्ती माहीत हवी. तिने दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा आणला. पक्षाने व्हिप काढला आणि सदस्याने त्याविरुद्ध मत दिले किंवा तो गैरहजर राहिला, तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. म्हणजे महत्त्वाच्या मतदानात तुमचा भला उमेदवार बहुधा पक्ष सांगेल तेच बटण दाबेल. म्हणून विधानसभा-लोकसभेला पक्षाचा जाहीरनामा बाजूला ठेवता येत नाही. पण प्रश्न विचारणे, समितीत अभ्यास करणे, मतदारसंघातल्या अडल्यानडल्याला भेटणे ही कामे माणसाची असतात. दोन्ही पारडी पाहायची आणि कोणते जड, हे पदाप्रमाणे ठरवायचे. ग्रामपंचायतीला माणूस अधिक मोजावा, लोकसभेला पक्षाचे धोरणही तितकेच, असे माझे मत. तुम्ही ते खोडून काढायला मोकळे आहात.

भुलवणाऱ्या गोष्टी

जात, धर्म, भाषा यांच्या नावाने मते मागणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार भ्रष्टाचार आहे. २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरवले की यात मतदाराची जात किंवा धर्मही येतो. हा वाद मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघातल्या १९९० च्या निवडणुकीपासून चाललेला होता. ‘आपला माणूस’ हा शब्द चर्चेत आला की थांबा आणि विचारा, आपला म्हणजे कशाने?

आपल्या शाळेत आणखी एक मोह असतो. पोस्टरवर रणगाडा किंवा जवानाचा फोटो दिसला की आपले मन लगेच वळते. निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१९ मध्ये पक्षांना सांगितले की प्रचारात सैन्यदलातील व्यक्तींची छायाचित्रे वापरू नयेत. सैन्य सगळ्यांचे असते, एका पोस्टरचे नसते. निवृत्तीनंतर सैनिकाने निवडणूक लढवायला हरकत नाही. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा यांनी १९७१ मध्ये मुंबईतून लोकसभा लढवली आणि ते हरले. त्यांच्याविषयीचा देशाचा आदर त्यामुळे कमी झाला नाही. आदर आणि मत या दोन गोष्टी मतदारांनी वेगळ्या ठेवल्या.

कोणीच नको वाटले तर?

सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर मतदान यंत्रावर ‘नोटा’ आले. त्याचा नेमका परिणाम समजून घ्या. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्ये नोटाला २७ हजारांहून अधिक मते मिळाली आणि ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले. २०२४ मध्ये इंदूर लोकसभा मतदारसंघात एका प्रमुख उमेदवाराने अर्ज मागे घेतल्यावर नोटाला २ लाख १८ हजारांहून अधिक मते पडली. दोन्ही ठिकाणी सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार निवडून आलाच. लोकसभा-विधानसभेत नोटा निषेध नोंदवतो, निकाल बदलत नाही. निषेध नोंदवायचा असेल तर जरूर वापरा, पण निवड इतरांच्या हाती सोपवली हे जाणून वापरा.

“माझ्या एका मताने काय होतं?” असे म्हणणाऱ्यांसाठी दोन नावे पुरेत. कर्नाटकात संतेमारहळ्ळी, २००४. राजस्थानात नाथद्वारा, २००८. दोन्ही विधानसभा मतदारसंघांत निकाल एका मताने लागला.

आणि शेवटी गप्प बसा

इतका वाद घातल्यावर मत कोणाला, हे मात्र सांगू नका. विचारूही नका. कायद्याने मत गुप्त ठेवले आहे ते दुबळ्यासाठी. मालकाने मजुराला, सावकाराने ऋणकोला, सासरच्यांनी सुनेला ‘कोणाला दिलेस?’ असे दरडावून विचारता येऊ नये म्हणून. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ९४ तर म्हणते की कोणालाही त्याने कोणाला मत दिले हे साक्षीतसुद्धा सांगायला लावता येत नाही.

तुमच्या बाबतीत याला आणखी एक बाजू आहे. उद्या तुमच्या कंपनीत शंभरावर जवान असतील. त्यांच्या घरांवर वेगवेगळे झेंडे असतील. साहेबाचा पक्ष कोणता, हे एकदा कळले की रजा नाकारलेल्या जवानाला कारण दुसरेच वाटू लागते. त्याला तुमच्या हुकमावर निःशंकपणे पुढे जाता आले पाहिजे. डॉर्मिटरीतही तेच. हाउस कॅप्टनने आपला पक्ष जाहीर केला की त्याच्या साध्या शिक्षेलाही रंग चढतो.

पालकांना एक विनंती. मुलाला मत विचारू नका आणि त्याच्यासाठी ते ठरवूही नका. तुमच्या मतदारसंघातील उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे सुट्टीत त्याच्यासोबत वाचा. त्याने तुमच्याविरुद्ध मुद्दा मांडला तर त्याला ओळ दाखवायला सांगा.

नावनोंदणीचे

६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून मतदानाचे वय २१ वरून १८ झाले. २०२२ पासून पात्रतेच्या तारखा वर्षात चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. १७ वर्षे पूर्ण झाल्यावर नमुना ६ आगाऊ भरता येतो. वसतिगृहातील विद्यार्थ्याला घरच्या पत्त्यावर किंवा शिक्षणाच्या ठिकाणी, यांपैकी एकाच जागी नाव नोंदवता येते. दोन ठिकाणी नाव ठेवण्यासाठी खोटे निवेदन दिले तर तो गुन्हा आहे. ज्यांचे आई किंवा वडील सैन्यात आहेत, त्यांनी लक्षात ठेवावे की सेवा मतदार म्हणून नोंद त्यांची आणि सोबत राहणाऱ्या जोडीदाराची होते, मुलांची नाही. तुम्हाला तुमचा वेगळा अर्ज भरावा लागेल.

बारावीच्या ज्या कॅडेट्सना १७ पूर्ण झाली आहेत, त्यांनी येत्या सुट्टीला जाताना जन्मदाखल्याची प्रत सोबत न्यावी. अर्जाला दहा मिनिटे लागतात.