शून्यावर चार!

घरी पाहुणे आले, की बोर्डात आलेल्या मुलाचे कौतुक सगळे सांगतात. दुकान बुडवून बसलेल्या काकांचे नाव मात्र कोणी काढीत नाही. क्रिकेटवेड्या मंडळींचेही तसेच आहे. फराळाची ताटे पुढे आली आणि गप्पांना रंग चढला, की १९७१ चे ओव्हल निघते, १९८३ चे लॉर्ड्‌स निघते. पण तेवढ्यात एखाद्याने "१९५२ च्या इंग्लंडच्या दौऱ्याचे काय हो?" असे विचारलेच, तर सगळ्यांचे लक्ष एकाएकी चकलीकडे वळते!

वाचकहो, आज त्या काकांचीच गोष्ट सांगायची आहे. कारण दुकान बुडाले हे जितके खरे, तितकेच ते का बुडाले आणि नंतर त्याच माणसांनी काय केले, हेही खरे आहे. आणि ते सहसा कोणी सांगत नाही.

मद्रासचा गुलाल

१९३२ साली हिंदुस्थान पहिला कसोटी सामना खेळला. तेव्हापासून वीस वर्षे आणि चोवीस सामने झाले, तरी विजयाचे तोंड काही दिसले नव्हते. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला पंचविसावा सामना झाला आणि तो योग आला. विनू मंकड यांनी दोन्ही डावांत मिळून बारा बळी घेतले, पंकज रॉय यांनी १११ आणि पॉली उम्रीगर यांनी नाबाद १३० धावा काढल्या. इंग्लंडचा एक डाव आणि ८ धावांनी पराभव झाला. साऱ्या देशाने गुलाल उधळला आणि तो उधळण्यासारखाच प्रसंग होता.

मात्र त्या गुलालात एक गोष्ट डोळ्यांआड झाली. मद्रासला हरलेला संघ इंग्लंडचा खरा संघ नव्हताच. हटन, कॉम्प्टन, बेडसर, लेकर, एव्हन्स ही बडी मंडळी त्या हिवाळ्यात घरीच राहिली होती. धाकट्या भावाला कुस्तीत लोळवून आपण थोरल्याच्या अंगणात निघालो होतो.

त्यात आपलाही संघ पुरता नव्हता. विजय मर्चंट निवृत्त झाले होते. लाला अमरनाथ आणि मुश्ताक अली यांना वगळले होते. आणि मद्रासचा विजय ज्यांनी मिळवून दिला, ते मंकडही संघात नव्हते. लँकेशायर लीगमधल्या हॅसलिंग्डन क्लबाकडून त्यांना खेळण्याचे बोलावणे होते. पोटासाठी खेळणाऱ्या माणसाने नियामक मंडळाला सरळ विचारले, की दौऱ्यावर माझी निवड नक्की होणार असेल तर सांगा, म्हणजे मी हा करार करीत नाही. मंडळाने हमी दिली नाही. मंकडांनी करार केला. तेव्हा संघ इंग्लंडात उतरला तो आपला सर्वोत्तम अष्टपैलू खेळाडू गमावून. आणि तो खेळाडू त्याच इंग्लंडात दर आठवड्याला एका गिरणगावच्या क्लबासाठी खेळत होता!

लीड्‌सचा शनिवार

पहिली कसोटी ५ जूनला लीड्‌स येथे सुरू झाली. इंग्लंडने या सामन्यापासून लेन हटन या व्यावसायिक खेळाडूला कप्तान केले होते. त्यांच्याकडे तसे करण्याची रीत नव्हती. पण गरज पडली तेव्हा त्यांनी जुनी रीत मोडली. हटनने नव्या चेंडूसाठी जो मुलगा घेतला होता तो अवघा एकवीस वर्षांचा. यॉर्कशायरच्या खाणकामगाराचा पोर, विमानदलातली सक्तीची नोकरी करीत होता आणि रजा काढून सामन्याला आला होता. त्याचे नाव फ्रेड ट्रूमन.

आपला पहिला डाव ३ बाद ४२ असा अडखळला, तेव्हा कप्तान विजय हजारे यांच्या जोडीला विजय मंजरेकर आले. एक सांगलीत जन्मलेले, सदतीस वर्षांचे, मितभाषी. दुसरे मुंबईचे, पुरते एकविसाव्यातही न पोचलेले. या दोन विजयांनी २२२ धावांची भागी केली. मंजरेकरांनी १३३ धावा काढल्या, हजारे यांनी ८९. ही जोडी फुटली आणि डाव २९३ धावांवर आटोपला. गुलाम अहमद यांनी पाच बळी घेऊन इंग्लंडला ३३४ वर रोखले. म्हणजे पिछाडी अवघी ४१ धावांची. सामना अगदी बरोबरीत होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण पुढचे वाचल्यावर ते कोणालाच आठवत नाही.

शनिवारी दुपारी आपला दुसरा डाव सुरू झाला. ट्रूमनच्या दुसऱ्याच चेंडूवर रॉय झेल देऊन परतले. दुसऱ्या टोकाकडून बेडसरने दत्ताजीराव गायकवाडांना बाद केले. त्यांचा हा पहिलाच कसोटी सामना. मग ट्रूमनने यष्टिरक्षक माधव मंत्री यांचा त्रिफळा उडवला आणि लगेच पुढच्या चेंडूवर पहिल्या डावातले शतकवीर मंजरेकर यांचा. चौदा चेंडू झाले होते. धावफलकावर बळी चार होते आणि धावा शून्य.

हा आकडा प्रथमच वाचणाऱ्याला आजही छापखान्याची चूक वाटते. कसोटी क्रिकेटमध्ये डावाची अशी सुरुवात त्यापूर्वी कधी झाली नव्हती आणि आजतागायत कोणाची झालेली नाही.

ट्रूमनची हॅट्‌ट्रिक व्हायची वेळ होती, तेव्हा हजारे मैदानात आले. त्यांनी तो चेंडू निभावला. उम्रीगरही गेले आणि ५ बाद २६ झाले. त्यानंतर हजारे आणि दत्तू फडकर यांनी १०५ धावांची भर घातली. हजारे ५६, फडकर ६४. डाव १६५ वर संपला आणि इंग्लंडने सात गडी राखून सामना जिंकला. चार भोपळे सर्वांच्या लक्षात राहिले. त्या ढिगाऱ्यावर उभे राहून दोघांनी केलेली शंभरावर धावांची भागी मात्र कोणाच्या ओठी येत नाही.

लॉर्ड्‌सवरचा एकांडा शिलेदार

आता मंडळाला जाग आली. हॅसलिंग्डन क्लबाकडे मनधरणी करून मंकडांना उरलेल्या तीन कसोटींसाठी मागून घेण्यात आले. ज्यांना दारातून परत लावले, त्यांनाच आग लागल्यावर हाक मारली.

आणि मंकड आले! लॉर्ड्‌सवर पहिल्या डावात सर्वाधिक ७२ धावा त्यांच्या. मग इंग्लंडने ५३७ धावांचा डोंगर रचला, त्या डावात त्यांनी ७३ षटके टाकून पाच बळी घेतले. इतकी षटके टाकलेला माणूस एरवी आरामखुर्ची शोधतो. मंकड पॅड बांधून पुन्हा सलामीला उतरले आणि त्यांनी १८४ धावा काढल्या. तोवर कसोटीत कोणाही हिंदी खेळाडूने एवढी मोठी खेळी केली नव्हती. दुसऱ्या बाजूने हजारे ४९ धावा करून त्यांना साथ देत राहिले. दोघांची भागी २११ धावांची झाली. इंग्लंडच्या दुसऱ्या डावात मंकडांनी आणखी २४ षटके टाकली.

सामना आपण आठ गडी राखून हरलो. तरी त्या कसोटीला जाणकार 'मंकडची कसोटी' म्हणतात. जिंकणाऱ्याचे नाव मागे पडून हरणाऱ्याच्या नावाने सामना ओळखला जावा, असे फार क्वचित घडते.

एका दिवसात दोन डाव

मँचेस्टरची हकीगत थोडक्यात सांगितलेली बरी. पावसाने भिजलेली, उघडी खेळपट्टी आणि पाठीवर सोसाट्याचा वारा घेऊन धावत येणारा ट्रूमन. १९ जुलैला आपले दोन्ही डाव एकाच दिवसात उरकले: ५८ आणि ८२. ट्रूमनने पहिल्या डावात ३१ धावांत आठ बळी घेतले. एकाच दिवशी दोनदा सर्वबाद होण्याची कसोटी क्रिकेटमधली ती पहिलीच वेळ. पराभव एक डाव आणि २०७ धावांनी.

शेवटच्या ओव्हलच्या कसोटीत ५ बाद ६ अशी दशा होऊन आपण ९८ धावांत आटोपलो. पावसाने मेहेरबानी केली म्हणून सामना अनिर्णित राहिला. ट्रूमनचे चार कसोटींत २९ बळी झाले. रॉय यांच्या सात डावांत पाच भोपळे. उम्रीगर यांच्या सात डावांत मिळून ४३ धावा. ट्रूमन धावत यायला लागला, की उम्रीगरांचे पाय लेगकडे सरकतात, अशी त्यांची जाहीर टिंगल झाली. तेच उम्रीगर त्याच दौऱ्यात परगण्यांच्या आणि विद्यापीठांच्या संघांविरुद्ध तीन द्विशतके ठोकून आले होते, हे टिंगल करणाऱ्यांच्या गावी नव्हते.

दोष कोणाचा?

आता मुद्द्याचे. हे खेळाडू भित्रे होते काय? मला तसे वाटत नाही. ज्याने कधी विहीर सोडून दुसरे पाणी पाहिले नाही, त्याला समुद्रात ढकलून 'भित्रा' म्हणणे हा न्याय नव्हे.

आपली विहीर कशी होती, ते पाहा. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याचे हजारे आणि गुल महंमद यांनी एकाच भागीत ५७७ धावा काढल्या. १९४८-४९ साली पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्या सामन्यात मिळून २,३७६ धावा झाल्या. याच सामन्यात माधव मंत्री यांनी २०० धावा काढल्या होत्या, हे मुद्दाम सांगतो. आपल्या खेळपट्ट्या म्हणजे फलंदाजांसाठी घातलेल्या गाद्या. चेंडू कमरेच्या वर येत नाही, वेगाने येत नाही. अशा ठिकाणी जलद गोलंदाजी करायला कोण धजेल? महंमद निसार आणि अमरसिंग ही आपली एके काळची जोडी. अमरसिंग १९४० मध्येच वारले. फाळणीनंतर निसार पाकिस्तानात राहिले. त्यांच्या जागी कोणी तयार झाले नाही. आणि खरा वेग कसा असतो हे सरावातसुद्धा पाहायला न मिळालेली पोरे आपण ट्रूमनपुढे उभी केली. ज्या हजारे यांनी १९४८ साली ॲडलेडला लिंडवॉल आणि मिलर यांच्यासमोर दोन्ही डावांत शतके काढली होती, तेच एकटे या मालिकेत सातत्याने टिकले. त्यांची सरासरी ५५.५० होती. शिकायला मिळाले की शिकता येते, याचा याहून चांगला पुरावा कोणता हवा?

त्यावर मंडळाचा कारभार. हमी न देणे, मग धावपळ करणे, या साऱ्याची किंमत मंडळातल्या कोणाला मोजावी लागली नाही. ती लीड्‌सच्या चौदा चेंडूंत चार खेळाडूंनी मोजली.

पुढे काय झाले

गोष्ट इथे संपली असती, तर मीही चकलीकडेच वळलो असतो. पण ती इथे संपत नाही.

त्याच वर्षी हिवाळ्यात अमरनाथांच्या नेतृत्वाखाली आपण पाकिस्तानला २-१ असे हरवले. ही आपण जिंकलेली पहिली कसोटी मालिका. १९५३ साली संघ वेस्ट इंडीजला गेला. किंग्स्टनच्या कसोटीत उम्रीगर यांनी ११७ धावा काढल्या. त्या मालिकेत त्यांच्या ५६० धावा झाल्या. त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात रॉय यांनी १५० आणि मंजरेकर यांनी ११८ धावा काढून २३७ धावांची भागी केली. लीड्‌सचे दोन भोपळे, वर्षही लोटले नव्हते! पुढे जानेवारी १९५६ मध्ये मद्रासला मंकड आणि रॉय यांनी न्यूझीलंडविरुद्ध सलामीला ४१३ धावा काढल्या. तो जागतिक विक्रम २००८ पर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ, अबाधित राहिला.

सगळेच धडे शिकलो असे मात्र नाही. १९५९ साली गायकवाडांच्या नेतृत्वाखालचा संघ इंग्लंडमध्ये पाचही कसोटी हरला. १९७४ मध्ये लॉर्ड्‌सवर ४२ धावांत सर्वबाद होण्याची नामुष्की आली. परदेशी खेळपट्टीची शिकवणी दर पिढीला नव्याने लावावी लागते, एवढाच याचा अर्थ.

मधे मात्र १९७१ उगवले. अजित वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर प्रथम हरवले. त्या संघाचे व्यवस्थापक होते हेमू अधिकारी. १९५२ च्या ओव्हलवर ५ बाद ६ झाले, तेव्हा शून्यावर बाद झालेल्यांपैकी एक हेच अधिकारी. एकोणीस वर्षांनी त्याच मैदानावर विजयी मुलांना पाहताना त्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना ज्याची त्यानेच करावी.

आणि माधव मंत्री? त्यांचा एक भाचा लहानपणी त्यांच्या घरी जाई आणि मामांचे हिंदुस्थानच्या संघाचे स्वेटर हाताळत बसे. एकदा त्याने त्यांतला एक मागितला. मामांनी दिला नाही. हा असा मागून मिळत नसतो, घाम गाळून मिळवायचा असतो, असे त्यांनी त्याला समजावले. त्या भाच्याचे नाव सुनील गावस्कर. १९७१ साली त्याने वेस्ट इंडीजमध्ये पदार्पणाच्या मालिकेतच ७७४ धावा काढल्या आणि पुढे सोळा वर्षे जगातल्या उत्तमोत्तम जलद गोलंदाजांपुढे तो डोक्यावर शिरस्त्राण न घालता उभा राहिला.

मामांच्या खात्यावर लीड्‌सचा तो भोपळा कायमचा नोंदला गेला आहे. पण त्या स्वेटरची किंमत त्यांना पुरेपूर ठाऊक होती, म्हणूनच त्यांनी तो फुकट दिला नाही.

तेव्हा यंदा फराळाच्या वेळी कोणी १९५२ चे नाव काढलेच, तर चकली खुशाल खा. पण काकांची गोष्ट पुरी सांगा.