पणज्याचं गाव कोणतं?
मॉरिशसच्या उसातली मराठी माणसे आणि आपली वंशावळ

बहिरमच्या यात्रेत रोडग्यांचा धूर निघू लागला, की दोन अनोळखी म्हातारे एका झाडाखाली टेकतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोन्या गावचे हो तुमी?" लगेच दुसरा, "अन् मूळचे?" मग आजा निघतो, पणजा निघतो, कुणाची तरी मावशी निघते आणि घटकाभरात, "अरे, मंग तुमी त आमचे सोयरेच निघाले!" असे म्हणून तंबाखूची चंची पुढे येते.

सभासद बंधू-भगिनींनो, हाच प्रश्न घरी गेल्यावर आपल्या पोराला विचारून पाहा. तो आज्याचे नाव सांगेल, पणज्याच्या नावाला अडखळेल आणि त्याच्या पुढे गप्प होईल. आणि पणजीचे माहेर कोणते? तिथे तर पोराचा बापही गप्प, आणि खरे सांगायचे तर आम्हीही गप्पच!

याच प्रश्नाने हजारो मैल दूर, हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर काही मराठी घरांना कैक वर्षे छळले आहे. त्यांची हकीगत आपण ऊसवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे, कारण ती उसापासूनच सुरू होते.

इंग्रजी राज्यात गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३४ साली अमलात येऊ लागला. मॉरिशसचे मळेवाले उसासाठी माणसे कोठून आणावी या विवंचनेत पडले आणि त्यांची नजर हिंदुस्थानावर गेली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' नावाच्या जहाजाने ३६ मजूर तिथे उतरले. पुढे १९१० सालापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर गेली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासच्या बंदरांतून, तर काही मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत आपली मराठी माणसे होती, मुख्यतः कोकणातली. पाच वर्षांचा करार, महिन्याला पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर गैरहजर राहिला तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा तिथला जुलमी रिवाज. या करारालाच लोक 'गिरमिट' म्हणत.

माणूस बंदरात उतरला की त्याला एक नंबर मिळे. त्या नंबरापुढे वहीत लिहिले जाई: नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव, जहाज आणि कोणत्या मळ्यावर पाठविला ते. १८६० नंतरच्या काळात पुष्कळांचे फोटोही काढले. हेतू काही वंशावळ जपण्याचा नव्हता बरे! माणूस पळाला तर धरून आणता यावा, यासाठी ही सगळी उठाठेव. पण पळणाऱ्याला पकडण्यासाठी लिहिलेली वहीच आज त्याच्या नातवंडांना घरचा रस्ता दाखविते आहे. या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. ही संस्था १९७० साली उभी राहिली. पोर्ट लुईच्या बंदरात ज्या पायऱ्या चढून ही माणसे वर आली, तो 'आप्रवासी घाट' २००६ साली जागतिक वारसा ठरला.

तरी शोध सोपा नाही. आपल्याकडे नाव, बापाचे नाव आणि आडनाव असे तीन धागे असतात. तिकडच्या कागदात आडनाव सहसा चढलेच नाही. बापाचे जे पहिले नाव, तेच पोराचे आडनाव झाले. कुणाचा पणजा रामजी असेल तर पुढच्या साऱ्या पिढ्यांचे आडनाव 'रामजी'. मग मूळचे आडनाव कसे शोधावे? त्यात लिहिणारा कारकून मराठी जाणत नव्हता. कानावर पडले तसे त्याने लिहिले. त्या काळच्या इंग्रजी कागदांत रत्नागिरीचे 'रुटनाघेरी' झालेले दिसते. आपण हसू नये. आपल्या अचलपूरचे 'एलिचपूर' याच लोकांनी केले, आणि अमरावतीचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' या नावाने विकला गेला. तेव्हा वहीतले गावाचे नाव मोठ्याने वाचायचे, जिभेवर घोळवायचे, नकाशावर ताडून पाहायचे आणि मग एखादे वेळी खरे गाव सापडायचे.

एक धागा कामाचा ठरतो, तो म्हणजे नंबर. लग्नाच्या, जन्माच्या किंवा मृत्यूच्या जुन्या दाखल्यावर तो नंबर सापडला की वही उघडते. वही उघडली की जहाज सापडते, जहाजावरून साल सापडते आणि शेवटी गाव. नुसते "आमचा पणजा मुंबईहून आला" एवढ्यावर काही निघत नाही. मुंबई हे बंदर होते, गाव नव्हे.

या माणसांचे पुढे काय झाले? गेल्या शतकाच्या आधीच, १८७० नंतर, मोठे मळेवाले जमिनीचे तुकडे विकू लागले. गिरमिट संपलेल्या लोकांनी पैसा पैसा साठवून ते घेतले. ज्याच्या बापाने दुसऱ्याचा ऊस तोडला, तो स्वतःचा ऊस लावू लागला. १९१३ साली तिथे सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि या लहान ऊसवाल्यांना सावकाराशिवाय दुसरे दार मिळाले. म्हणजे तेही आपल्यासारखेच, ऊस आणि सहकार या दोन चाकांवर चाललेले! गणेश चतुर्थीला तिथे आज सरकारी सुटी असते. २०२४ साली आपल्या राष्ट्रपतींनी मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्डाची सोय जाहीर केली. म्हणजे पणज्याचा कागद आता नुसत्या आठवणीपुरता राहिला नाही, तो कामाचा झाला.

आता आपल्या घराकडे वळू. आपण वऱ्हाडातले लोक समुद्र ओलांडून गेलो नाही, म्हणून आपले सारे लिहिलेले असेल असा आपला समज आहे. तसे नाही. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला, १९०३ साली मध्य प्रांताला जोडला गेला, १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. राज्य बदलले की कचेरी बदलते आणि कचेरी बदलली की गठ्ठे हलतात. तरी शोधणाऱ्याला वाटा आहेत. गावचे कोतवाल बुक आहे, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी. हक्क नोंदणीचे कागद आहेत. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आहे. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, भाटांच्या वह्या आहेत. मोडीत लिहिलेला कागद घरात असेल तर रद्दीत घालू नका, मोडी वाचणारा माणूस शोधा.

पण एक गोष्ट मनाला लागते. मॉरिशसच्या वहीत बाईलाही तिचा स्वतःचा नंबर होता. तिचे नाव, तिच्या बापाचे नाव, तिचे गाव. आपल्या घरच्या वंशावळीत मात्र बापाखाली लेक, लेकाखाली नातू, असे पुरुषच पुरुष. लेकी कुठे गेल्या? सुना कुठून आल्या? मजूर म्हणून गेलेल्या बाईची नोंद सापडते आणि वाड्यातल्या पणजीची सापडत नाही, याला काय म्हणावे?

हे नुसते भावनेचे नाही. सभासद वारला की भाग कोणाच्या नावे करायचे हा प्रश्न येतो. वारसांत लेकीही असतात, आणि २००५ च्या कायद्याने वडिलार्जित मिळकतीत लेकीचा हक्क लेकाइतकाच झाला. नावे वेळेवर लिहिलेली नसली की भाऊ-बहिणीत वाकडे येते, शेत पडीक राहते आणि पैसा वकिलाच्या घरी जातो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. यंदा गाळप संपले की एक दोनशे पानी वही घ्या. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. आजी असेल तर आधी तिच्याजवळ बसा, कारण सोयरिकी तिलाच पाठ असतात. प्रत्येक माणसापुढे चार गोष्टी लिहा: नाव, बापाचे नाव, आईचे नाव, गाव. सुनेपुढे तिचे माहेर. लेकीपुढे तिचे सासर. साल आठवत नसेल तर "मोठ्या पुराच्या वर्षी" एवढे लिहिले तरी चालेल. ते पुढे कुणीतरी जुळवील.

आणि जाता जाता एक. आपल्या उसात दरवर्षी तोडणीच्या टोळ्या येतात. आपण कोयते मोजतो, गाड्या मोजतो, टन मोजतो. त्या यादीत माणसाचे नाव, बापाचे नाव आणि गाव नीट लिहिलेले असते का? बाईचे नाव तिचे म्हणून असते, की नवऱ्याच्या नावात बुडून जाते? आणखी शंभर वर्षांनी त्यांचाही नातू आपला आजा कुठे राबला हे शोधत येईल. त्याला नुसता आकडा दाखवायची वेळ आपल्या गावावर येऊ नये.